परत आलेला चहा

१

जहाजाचा शेवटचा भोंगा वाजला, पाहुण्यांची शेवटची होडी धक्क्यावरून सुटली, आणि मी कढईखालची लाकडं ओढून विझवत होते, तेवढ्यात वरच्या वाटेवरून तितिलियाचा हंबरडा ऐकू आला. आमचे रातू गेले होते.

रातू केमुएली म्हणजे आमच्या नावुनी बेटाचे मोठे, गादीवरचे प्रमुख. वर्षभर अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे हे कधीतरी व्हायचंच होतं. पण असं? अख्खं गाव किनाऱ्यावर परक्या लोकांना हसून दाखवत असताना, घरात एकट्याने?

मी धापा टाकत पोचले तेव्हा दारात गर्दी झाली होती. रातू चटईवर उताणे, चादर छातीपर्यंत, डोळे मिटलेले. उशाशी पेला पालथा. पाण्याचं भांडं मात्र लांब, दाराजवळ, अर्धं. आजारी माणसाचा हात तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

"पाणी पाणी करत गेला असेल गं बिचारा," मागून कुणीतरी म्हणालं. लोकांच्या जिभेला हाड नसतं. ते वाक्य घटकाभरात गावभर झालं.

रातूंचा धाकटा भाऊ इनोके, आता गादीवर तोच बसणार, त्याने सगळ्यांकडे बघून विचारलं, "शेवटचं कोणी पाहिलं दादाला?"

उनाईसी आत्या, म्हणजे त्या दोघांची मधली बहीण, मृताच्या पायाशी बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दुपारी मी माशाचं सार पाजलं. दोन घोट घेतले. पुढचं मला माहीत नाही."

पुढचं तितिलियाचं होतं. ती रातूंची विधवा सून. जेवणानंतर घरी जाऊन बसायची पाळी तिची, आणि ती गेलीच नव्हती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या, आणि तिने रडता रडता तोंडावर हात धरला.

मग लाली वाजली. पोकळ ओंडक्याचा आमचा ढोल, मोठं माणूस गेलं की तो संथ वाजतो. त्या आवाजाबरोबर समुद्रही बंद झाला. शंभर रात्री होडी नाही, मासा नाही, नाच नाही, जहाज नाही. आणि मरणाची बातमी ज्याच्या कानावर पडेल त्याने त्या घडीपासून काहीतरी सोडायचं. परक्याने काहीही सोडावं, पण रक्ताच्या माणसाने मृताच्या जिवाभावाची वस्तू सोडायची. रातूंचा जीव चहावर होता, लिंबाच्या पानांचा, साखर ओतून केलेला. उनाईसी आत्या आणि इनोके यांनी चहा सोडला. मी नात्याने लांबची, म्हणून म्हटलं, मी माझे बाबाकाऊ सोडते. पहाटेपासून तळून तळून विकते मी ते पिठाचे गोळे.

"मकेरेता, ते सोडलेस तर तुझी कंबर दिसेल लोकांना. भूत म्हणून पळतील," एरोनी कानात पुटपुटला. हा माझा आतेभाऊ. आमच्याकडे आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायचीच असते, मयतातसुद्धा. राजधानीत हवालदारकी करून आता गावात अळू लावतो. पण त्या संध्याकाळी टर उडवताना त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते. ते त्या दाराजवळच्या भांड्याकडे होते.

२

माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी इनोकेने निकाल सांगितला. तितिलियाने शनिवारच्या मालबोटीने आपल्या माहेरच्या बेटावर निघून जायचं. मुलगी वेनिना मात्र इथंच राहणार. ती रातूंच्या रक्ताची.

नऊ वर्षांची पोर ती. बाप आधीच समुद्राने नेलेला. हे म्हणजे वासराला दावणीला ठेवून गाय विकण्याचाच प्रकार. माझा संताप संताप झाला, पण बायकांच्या रांगेत बसून मी काय बोलणार?

त्या दुपारी तितिलिया एरोनीच्या अंगणात येऊन बसली. मी तिथंच अळू सोलत होते.

"दादा, मला हाकला, मी जाईन," ती म्हणाली. "चुकलेच मी. पाहुण्या बायका अंग चोळून घ्यायला रांग लावून बसल्या होत्या. जहाजाचा कारभारी सिमिओने म्हणाला, थांब गं, आज थांब. मी थांबले. पण मला एकच सांगा. त्यांनी पाणी मागितलं असेल का? माझ्या नावाने हाक मारली असेल का? मला रात्रभर ती हाक ऐकू येते."

एरोनीने कोयता बाजूला ठेवला. "भांडं तू कुठं ठेवलं होतंस?"

"उशाशी. काठोकाठ भरून. पेला बाजूला पालथा घालून. पहाटे अंधारात निघाले तेव्हा. ते झोपले होते, श्वास चालला होता. मी ऐकून गेले."

"पेला पालथा," एरोनी म्हणाला. "संध्याकाळीही पालथाच होता, आणि आतून कोरडा. मी हात घालून पाहिला. म्हणजे भांड्यातलं पाणी कमी झालं, पण प्यायलं कोणी नाही."

तितिलिया त्याच्याकडे बघतच राहिली.

"जा, पोरीजवळ बस. गाठोडं बांधू नकोस अजून."

ती गेल्यावर मी म्हटलं, "हवालदार, शनिवार परवावर आलाय. उगाच आशा लावू नको तिला."

"आशा नाही लावत. त्या भांड्याला पाय कुठून फुटले ते विचारतोय. चल, ऊठ. तुला गावातल्या सगळ्यांच्या खोड्या माहीत आहेत, आणि मला एकट्याला बघितलं की लोक गप्प बसतात."

३

जहाजाच्या दिवशी कोण कुठं होतं हे शोधायला डोकं लागत नाही. पाहुण्यांना इथं येऊन जे जे करायचं असतं, त्या प्रत्येक ठिकाणी आमचं एकेक माणूस बांधलेलं असतं. कुणी टेकडीवर नेतो, कुणी प्रवाळावर मासे दाखवतो, कुणी केसांच्या वेण्या घालतं, कुणी अंग चोळतं, आणि माझ्यासारखी कढईपुढे भाजते.

पहिला सिमिओने. जहाजाचा सगळा कारभार त्याच्याकडे. रातूंचा मृत्यू सकाळी कळला असता तर सर्वांत मोठी चपराक त्याला बसली असती. दोन वर्षांपूर्वी तसंच झालं होतं. रातूंची बायको जहाजाच्या आदल्या दिवशी गेली, धक्क्यावर बंदीची खूण म्हणून माडाची झावळी आडवी लागली, आणि जहाज बेटाच्या टोकापर्यंत येऊन तोंड फिरवून गेलं. त्यानंतर ते इतक्या काळाने आत्ता आलं.

"मी अंधारापासून धक्क्यावर होतो," सिमिओने म्हणाला. "कमानीला फुलं बांधत. तूच मला तीन बाबाकाऊ दिलेस, मकेरेता, आणि पाहुण्यांसाठी आहेत म्हणून शिव्याही दिल्यास."

ते खरंच होतं. जहाज जाईपर्यंत तो हलला नव्हता.

मग दुसऱ्या दिवशी इनोके. तो पाहुण्यांच्या टोळ्या टेकडीवर नेत होता. वाट रातूंच्या घरावरूनच जाते. एरोनीने यांगोनाची मुळी, मोठ्यांकडे जाताना न्यायची भेट, पुढे ठेवली, मान खाली घातली, आणि मगच विचारलं, "मामा, तुम्ही त्या दिवशी डोकावला होता?"

इनोकेचा चेहरा आवळला. "पहिली टोळी घेऊन वर निघालो तेव्हा. दारातून पाहिलं. दादा झोपला होता. झोपलेल्या मोठ्या माणसाला हाक मारायची नाही, हे तुला मी शिकवायचं का?"

"नाही, मामा. आत गेला नाहीत?"

"दारातच भांडं होतं. पाय लागता लागता राहिला. तिथूनच फिरलो." त्याने मान फिरवली. "परके लोक मागे उभे होते, फोटो काढत."

बाहेर येताच मी एरोनीचा दंड धरला. "अरे, म्हणजे भांडं सकाळीच दाराशी होतं!"

"हळू बोल, कोंबड्या उडतील. हो. तितिलिया अंधारात गेली तेव्हा ते उशाशी होतं. पहिली टोळी वर चढली तेव्हा दाराशी. मधल्या वेळात कोणीतरी घरात आलं, पाणी वापरलं, भांडं दाराशी सोडलं. आणि आलो होतो असं आजवर बोललं नाही. दुपारी उनाईसी मावशी सार घेऊन आली म्हणते. तिने तरी ते उचलून भावाच्या उशाशी ठेवायला नको होतं का?"

"विसरली असेल. तिचं चित्त कुठं होतं ठाऊक आहे ना? मालाकाई आला होता."

मालाकाई उनाईसी आत्याचा एकुलता एक. जहाजावर स्वयंपाकघरात काम करतो. दोन वर्षांपूर्वी जहाज फिरलं तेव्हा तो त्याच्यावर होता, आणि आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहून हात हलवत होती. या वेळी त्याला उतरायला मिळालं. बेटावर अजून फोनचा मनोरा नव्हता. आईने लेकाला दोन वर्षांहून जास्त काळाने पाहिलं ते त्या दिवशी.

"दिवसभर दोघं माझ्या टपरीसमोर, बादामाच्या झाडाखाली," मी म्हटलं. "पहिल्या होडीपासून शेवटच्या होडीपर्यंत. ती त्याचे हात चोळत होती, भाजलेले डाग बघत होती. मी कौतुकाने दोन कप चहा नेऊन दिला, तर दोन्ही तसेच भरलेले परत आले! मी म्हटलंसुद्धा, आत्या, जहाजाच्या चहापुढे आता माझा गोड लागत नाही होय? तर म्हणाली, आज नको गं."

एरोनी वाटेतच थांबला.

"काय म्हणालीस?"

"आज नको गं, म्हणाली."

"उनाईसी मावशीने चहा परत केला. मंगळवारी. दुपारी."

मला कळायला वेळ लागला. आणि कळलं तेव्हा पायाखालची वाळू सरकली.

४

"नाही," मी म्हटलं. "एरोनी, नाही. ती त्यातली नाही."

"कशातली? कुणी कुणाला मारलंय असं मी म्हणालो का?" तो वाटेकडेच्या दगडावर बसला. त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसायला लागला. "ऐक. सख्खी बहीण चहा कधी सोडते? भाऊ गेला हे कळल्यावर. ती दुपारी सोडून बसली होती. गावाला कळलं संध्याकाळी."

"पोट बिघडलं असेल."

"बरं. मग दुसरं सांग. पहिल्या होडीपासून शेवटच्या होडीपर्यंत ती झाडाखाली होती, हे तूच म्हणालीस. मग दुपारी वर जाऊन सार कोणी पाजलं?"

आत्या झाडाखालून उठल्याचं मला आठवेना.

"आणि तिसरं. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मालाकाई म्हणजे रातूंचा भाचा. आमच्यात बहिणीचा मुलगा मामाच्या घरातलं काहीही न विचारता उचलू शकतो, इतका त्याचा मान. लहानपणी त्यांच्या मांडीवरून उतरायचा नाही. तो इतक्या काळाने बेटावर येतो, आजारी मामा हाकेच्या अंतरावर आहे, आणि तो न भेटता परत जातो? त्याला कोणीतरी वर जाऊ दिलं नाही."

"पण का लपवलं, एरोनी? सख्ख्या भावाचं मरण?"

"तू सांग. लाली वाजली असती तर त्या दिवशी काय झालं असतं?"

मला गुडघाभर पाण्यात उभी असलेली आत्या दिसली, आणि माझा हुंदका बाहेर पडला. एरोनीनेही माझी टर उडवली नाही.

५

आत्या अंगणात चटई विणत होती. रातूंच्या थडग्यावर अंथरायची. आम्हाला पाहून तिने पाती बाजूला सारून जागा केली.

एरोनी तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "मावशी, ते तुमच्या हातांवर गेले ना?"

तिची बोटं थांबली. मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती पात्यांकडे बघत बोलायला लागली, जणू वाटच बघत होती कोणी विचारण्याची.

"उजाडताना सार घेऊन गेले. तितिलिया नुकतीच खाली उतरली होती. दादा जागा होता. पहिलं काय विचारलं, तर जहाज आलं का. म्हटलं, येतंय. म्हणाला, मालाकाईला आधी माझ्याकडे आण, मग तू घे. हसलासुद्धा. दोन घोट प्यायला. तिसरा ओठांतून बाहेर आला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तोंड धुतलं त्याचं. डोळे मिटले. भांडं हातात तसंच घेऊन बाहेर धावले. दारात ते टेकवलं, आणि लालीपाशी गेले. टिपरू उचललंही होतं गं मी. आणि टोकापलीकडून जहाज आलं. पांढरंशुभ्र. पुन्हा. मी म्हटलं, वाजवलं तर पोरगं परत फिरेल. पुन्हा दोन वर्षं. मी तरी आणखी दोन वर्षं असेन का? दादाला म्हटलं, तू तर आता कुठं जात नाहीस. संध्याकाळपर्यंत थांब माझ्यासाठी."

"आणि मालाकाई?" एरोनीने विचारलं.

"त्याने उतरल्या उतरल्या विचारलं, मामा कसे आहेत. म्हटलं, झोपलेत. उठवू नको." तिने झग्याच्या टोकाने तोंड पुसलं. "खोटं नव्हतं ना रे ते फार?"

"मावशी, पण तितिलिया—"

"मला काय ठाऊक होतं! संध्याकाळी इनोकेने विचारलं, कोणी पाहिलं, तर तोंडातून निघून गेलं, दुपारी, मी. सकाळ म्हटलं असतं तर दिवसभर काय केलंस विचारलं असतं. खापर तिच्यावर फुटेल हे ध्यानातच आलं नाही. नंतर रोज ठरवायचे, आज सांगते. पण सांगितलं की बोटीबोटीने जाईल ना ते मालाकाईच्या कानावर? मामाचं प्रेत घरात, आणि आपण आईच्या हातचा भाजलेला सुरण खात हसत होतो. आयुष्यभर डाचेल त्याला. पाप माझं, आणि सल त्याला."

"उद्या शनिवार आहे," एरोनी एवढंच म्हणाला. "वेनिना आईच्या झग्याला धरून झोपते म्हणतात. सोडत नाही."

आत्याने अर्धवट चटई गुंडाळली. "मला उठव," ती मला म्हणाली. "गुडघे धरलेत."

६

त्या संध्याकाळी, सूर्य असतानाच, लाली पुन्हा वाजली. लोक धावत आले, आता कोण गेलं म्हणून. आत्या वाजवत होती. ठेका चुकत होता, पण थांबली नाही. मग म्हणाली, "ही मंगळवारची. सकाळची."

सगळ्यांसमोर तिने सगळं सांगितलं. मग घरातला देवमाशाचा दात, आमच्यात मोठ्या चुकीची माफी मागताना देतात तो, दोन्ही हातांवर धरून ती सरकत सरकत तितिलियापुढे गेली, गावातली सर्वांत थोर बाई, एका परक्या बेटावरच्या सुनेपुढे. "त्याने पाणी मागितलं नाही, पोरी. त्याला तहान नव्हती. तो एकटा नव्हता."

तितिलियाने दात घेतला नाही. तिने आत्यालाच मिठीत घेतलं. दोघी अशा रडल्या की इनोके उठून बाजूला गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "मीही दारातूनच फिरलो होतो. शनिवारच्या बोटीने कोणी जायचं नाही." बस्स, एवढंच. मोठ्या माणसाकडून तेवढंही फार.

मालाकाईला मात्र कोणी निरोप धाडायचा नाही, असं आत्याने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. ते मीच सांगेन, म्हणाली.

शंभर रात्री सरल्या. काळे कपडे उतरले, समुद्र उघडला, मी कढई चढवली. इनोके चहा प्यायला लागला. आत्या नाही. "पोराला सांगेपर्यंत नाही," म्हणाली. तिचं सगळं अंग वाळून गेलं होतं, त्या एका वाक्याच्या ओझ्याने.

मग जहाज आलं. या वेळी ते परत फिरलं नव्हतं, म्हणून लवकर आलं. मालाकाई पहिल्याच होडीतून उतरला. आत्याने त्याचा हात धरला, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. मी आणि एरोनी टपरीत उभे. माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

"चल, आई," तो म्हणाला. "आधी मामांकडे जाऊ."

वरच्या वाटेला दोन फाटे आहेत. डावा रातूंच्या घराकडे, उजवा देवळामागच्या थडग्यांकडे. मालाकाईने कोणाला विचारलं नाही, आईकडे पाहिलं नाही. तो उजवीकडे वळला.

आत्या जागच्या जागी थांबली. "तुला कोणी सांगितलं?"

"तूच. त्या दिवशी. चहा परत केलास ना गं."

"मग... मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" पोराचा आवाज फाटला. "तू दोन वर्षं वाट बघितली होतीस. मला संध्याकाळपर्यंत सुटी. म्हटलं, आईला हसायचंय, तर हसू दे. मामा ओरडले नसते. मीही माझा कप ठेवला होता, आई. तुझं लक्ष नव्हतं."

एरोनीने हळूच माझ्याकडे पाहिलं. "दोन कप म्हणाली होतीस तू," तो पुटपुटला. "मी एकाचाच विचार केला." तीस वर्षं हवालदारकी केलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो पुसत नव्हता.

दोघं मायलेकरं थडग्यापाशी बसली, आत्याने विणलेल्या चटईवर. मी लिंबाची पानं टाकून चहा केला, साखर ओतली, आणि दोन कप वर नेऊन ठेवले. काही न बोलता परत आले.

पाहुणे टेकडीवर जाता-येता त्या दोघांकडे बघत होते. एका बाईने मला खुणेने विचारलं, तिकडे बघण्यासारखं काय आहे? मी मान हलवली, काही नाही म्हणून.

दुपारी मालाकाई कप घेऊन खाली आला. दोन्ही रिकामे होते.